तीन जीवांचा राक्षस

अंधेरी, मुंबई
२८ जानेवारी २००७

तीर्थस्वरूप हौसाआत्यास,
तुझ्या लाडक्या आणि लबाड भाचीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची सोय नाही. रिसीव्हर तुझ्या कानाला आणि बाबांचा कान रिसीव्हरला. म्हणून हे पत्र. वाचलंस की चुलीत घाल.

आत्या, आम्ही सिनेमा काढतोय! पाच मिनिटांचाच, पण खराखुरा. आमच्या कंपनीत मोबाइलवर खेळायचे गेम बनतात आणि त्यातल्या गोष्टी आम्ही चौघं लिहितो, हे सांगून मी दमले आणि ऐकून तू. आता ते सगळ्यांना हसवत दाखवायचं, अशी आमच्या ओमकारची टूम. तोच कंपनीचा मालक, वय माझ्याहून दोन वर्षांनी जास्त. चार लेखक एका खोलीत बसून राक्षसाला कसं मारायचं याचा खल करतायत. याला ओमकार ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतो, म्हणजे चौघांनी मिळून डोकं खाजवायचं. आणि कोपऱ्यात राक्षस स्वतः चहा पीत बसलाय! प्रत्येक युक्ती ऐकतो आणि नापसंत करतो. शेवटी आमच्या बडबडीला कंटाळून आपणच मरतो. लेखक म्हणून आम्हीच काम करणार, राक्षस ओमकार.

घोडं अडलंय मुखवट्यावर. बाजारातून आणलेला राक्षस दाढ दुखणाऱ्या उंदरासारखा दिसतो. माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या घरी खरा राक्षस आहे, होळीनंतर बोहाड्यात, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवात, बाबा तो घालून नाचतात आणि देवीच्या हातून मरतात. झालं, सगळे माझ्या मागे लागलेत. तांदूळ विकायला इकडे येतो त्या पंकजदादाच्या हाती गुपचूप पाठवशील? बोहाड्याआधी जागच्या जागी येईल.

फेब्रुवारीच्या अखेरीस मोबाइल कंपन्यांचं प्रदर्शन आहे. तिथे फिल्म आवडली तर गेम विकला जाईल. नाही आवडली तर आमचं शटर खाली. आणि बाबांनी तर मला होळीपर्यंतच मुदत दिलीय. कल्याणला सोडायला आले तेव्हा अंधेरीचं रिटर्न तिकीट काढून हातात कोंबलं होतं, आठवतं? दुसऱ्याच दिवशी ते बाद झालं, तरी बाबांच्या मनात अजून चालू आहे. मी ते आरशात खोचून ठेवलंय. मला परत यायचं नाही गो आत्या. मला हे काम फार फार आवडतं.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो आता मुखवट्यासकट पाठव.
तुझी योगिनी


टेपाची वाडी, ता. मुरबाड
६ फेब्रुवारी २००७

चि. योगिनीस,
हौसाआत्याचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

आमी सगळी सुखरूप. तुझं पत्र चुलीत घातलं नाय, परत वाचायचं होतं. राक्षस चहा पितो तिथं मला इतकं हसू आलं की तुझी आई बघायला आली.

आता ऐक काय झालं ते. माळ्यावरून मुखवटा काढला, पंकजच्या तांदळाच्या गोणीत घातला. जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथं एक लाल भोपळा ठेवला, त्याच शेल्यात गुंडाळून. काल सोमवार. तुझा बाप उदबत्ती घेऊन माळ्यावर चढला आणि मी खाली जीव मुठीत धरून उभी. चांगली उदबत्ती ओवाळली, हात जोडले, कपाळ टेकलं. मग शेला नीट करायला गेला. खाली उतरला आणि मला विचारतो, राक्षसाला देठ कधीपासून फुटलं.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडलं. तुझं पत्रपण वाचून दाखवलं गो, काय करू! रिटर्न तिकिटाशी आले तेव्हा तो बाहेर बघत बसला. मग एवढंच विचारलं, सोंग घेणार कोण. मी म्हटलं ओमकार नावाचा पोरगा. तिथंच बिनसलं. आपल्या बापानंतर हे सोंग माझं, बोलला, कुण्या ओमकाराच्या तोंडाला ते चढायचं नाय. गोणीतून मुखवटा काढला, पुसला, आणि शनवारी मीच घेऊन येतो बोलला. पंकजलापण संबळ घ्यायला सांगितलंय. गुडघा दुखतो म्हणून तुझा बाप भात झोडायला आला नव्हता, तो आता पडवीत नाचून बघतोय!

पण पोरी, सावध राहा. मुखवटा आणि मुलगी दोन्ही संगती घेऊन येतो, होळीची वाट कशाला बघायची, असंपण बोललाय.

भोपळ्याची भाजी केली. दोनदा मागून खाल्लीन, म्हणजे राग फार नसावा.

माया आहे तशीच आहे, पण असली कामं परत सांगू नको.
हौसाआत्या


अंधेरी, मुंबई
११ फेब्रुवारी २००७

तीर्थस्वरूप आत्यास,
अजून धाप लागलेल्या योगिनीचा सा. न. वि. वि.

काय सांगू आणि काय नको! बाबा आले ते मुखवटा मांडीवर घेऊनच बसले. पाणी नको, चहा नको. ओमकारने त्यांना अदबीने सगळं समजावलं. आमच्या गेममध्ये राक्षसाला तीन जीव आहेत, हे ऐकल्यावर बाबांनी विचारलं की बाकीचे दोन तो ठेवतो कुठे. ओमकारने ते वाक्य तिथल्या तिथे फिल्ममध्ये घालून टाकलं.

मग बाबांनी मुखवटा चढवला आणि आत्या, माझे बाबा खोलीतून गेलेच! प्रियांका आमची जुनी लेखिका, घाबरणारी नव्हे. पण तिची युक्ती ऐकून राक्षसाने नुसती मान वळवली आणि ती संवाद विसरली. मी राक्षसाला लाडू खाऊ घालून मारायची युक्ती सांगितली, तर त्याने बोटाने खूण करून आधी लाडू मागितला. हे कागदावर नव्हतंच. मला हसू आवरेना. टेबलाखाली लपून हसले, तेही कॅमेऱ्यात आलं.

शेवटी त्यांनी कंटाळून खुर्चीतच मान टाकायची होती. एवढंच. पण पंकजदादाने संबळावर काठी मारली आणि बाबा उठले. साऱ्या ऑफिसभर फेर धरला, दोन खुर्च्या पाडल्या, कॉम्प्युटरच्या वायरी ओलांडल्या आणि असे काही मेले की खालचा वॉचमन वर येऊन हात जोडून उभा राहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तर बाबा उठून परत नाचायला लागले! परत मेले. परत उठले. ओमकार थांबा थांबा म्हणत मागे धावतोय. मुखवट्याच्या आतून बाबांनी त्याला ठणकावलं, तीन जीव आहेत म्हणालात ना, मग तीनदा मरायला नको? तिसऱ्यांदा मरता मरता कॅमेऱ्याची टेप संपली.

मुखवटा काढला तेव्हा घामाने निथळत होते. माझी खुर्ची कुठली ते विचारलं, तिच्यावर बसले आणि एकदा गोल फिरले. मग पिशवी उचलून निघाले. मला चल म्हणाले नाहीत आणि राहा असंही म्हणाले नाहीत. आत्या, त्यांच्या मनात काय आहे ते काढून घे ना. मला रात्रभर झोप नाही.

तुझी माया अशीच राहू दे, आणि त्या भोपळ्याच्या भाजीची पाककृती जपून ठेव, राग घालवायला परत लागेल.
तुझी योगिनी


अंधेरी, मुंबई
२४ फेब्रुवारी २००७

तीर्थस्वरूप आत्यास,
योगिनीचा उड्या मारत मारत सा. न. वि. वि.

गेम विकला गेला! प्रदर्शनात आमच्या टेबलाशी ही गर्दी. लोक फिल्म संपली की परत लाव म्हणायचे. राक्षस दुसऱ्यांदा उठला की हशा, आणि तिसऱ्यांदा उठला की नुसता कल्लोळ. एका मोठ्या मोबाइल कंपनीने गेम घेतला. अट एकच, राक्षस गेममध्येही अगदी असाच मेला पाहिजे. ओमकारने मला कायम केलंय. पुढच्या गेमची गोष्ट मी एकटीने लिहायची!

आनंद पोटात मावत नाही, आणि त्याच पोटात भीतीही आहे. तुझं कार्ड मिळालं, बाबा परत आल्यापासून गप्प आहेत म्हणतेस. होळी तोंडावर आली. ते घरी ये म्हणाले तर मी येईन. त्यांचा शब्द मोडायची नाही. पण मला फार वाईट वाटेल, एवढं त्यांना सांग. स्वतः लिहायचं मला धाडस होत नाही.

आशीर्वाद भरभरून पाठव, आता गरज आहे.
तुझी योगिनी


टेपाची वाडी
२८ फेब्रुवारी २००७

चि. योगिनीस,
वडिलांचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहायची सवय नाय, चुकलं तर सांभाळून घे.

तुझी सगळी पत्रं हौसाने वाचून दाखवली. फिल्मची सीडी पंकजने तिकडून आणून शाळेच्या कॉम्प्युटरवर लावली होती, अर्धी वाडी आली. मी बरा मेलोय. पण मी माझ्याकडे नाय बघितलं. तू टेबलाखाली हसत होतीस तिकडेच नजर जात होती. घरी तू अशी हसलेली मला आठवत नाय. मुखवट्याच्या आतूनपण तेच बघितलं होतं. तिथून आल्यापासून गप्प आहे, कारण काय बोलावं ते सुचत नव्हतं. रागावलो नाय.

होळी करून पुढं बोहाडा आहे. यंदा मी तीनदा मरणार होतो, पण गावकी एकदाच मर बोलली. देवीचं सोंग घेतो त्या कोंडूचापण तेवढा दम नाय म्हणे. तरी तू बघायला ये. आई पापड्या करतेय.

एक लक्षात ठेव. आरशातलं ते तिकीट काढून टाक, ते मी कल्याणहून काढलेलं. आता येशील तेव्हा तिकडूनच रिटर्न काढ. अंधेरीहून निघायचं, अंधेरीला परत.

गुडघा बरा आहे. जीव लावून काम कर.
तुझा बाप
वाल्मिक