गिमरस्केल, मूळ गाव स्कर्डेल

प्रिय रोवेना,

विनी म्हणते, पत्र कशाला, फोन कर, पत्रात तू नुसता मेंढ्यांबद्दल लिहीत बसशील. तिचं खरं आहे, म्हणून मेंढ्यांचं आधीच उरकून टाकतो. यंदा कोकरं बरी झाली. मार्चअखेरच्या बर्फात काही गेली, पण जुळी पुष्कळ आहेत. जॉसने गेल्या वर्षी बाटलीने दूध पाजून वाढवलेली ती काळ्या तोंडाची मेंढी अजून घरच्यासारखी स्वयंपाकघरात घुसते आणि विनी तिला झाडूने बाहेर काढते. विनीचा गुडघा तसाच आहे. डॉक्टरांनी डोंगर चढू नका सांगितलंय, आणि ती डोंगराला डोंगर म्हणतच नाही, 'जरा वरपर्यंत जाऊन येते' म्हणते. झालं मेंढ्यांचं.

ऑक्टोबरच्या सुट्टीत तू, जॉस आणि कॉलिन आला होतात. निघताना ते दोघे गाडीत बसल्यावर तू फाटकापाशी थांबून मला एक गोष्ट विचारलीस. मी म्हटलं, बघू. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस, नाताळातसुद्धा नाही. उत्तर या पत्रात आहे, पण तेवढंच लिहिलं तर दोन ओळींत संपेल, आणि तुला वाटेल म्हाताऱ्याने नाइलाजाने लिहिलंय. तसं वाटू नये म्हणून मेरडिथपासून सुरुवात करतो.

मेरडिथला तू भेटलेली नाहीस. ती गेल्या जुलैत आली, थेट टास्मानियाहून. तिकडे नर्स होती, आता निवृत्त आहे. आडनाव गिमस्किल. ते आपलंच गिमरस्केल, जहाजावरच्या कुणी कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं. भर पावसात दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही वॉल्टर ना? मी तुमची बहीण लागते, पावणेदोनशे वर्षांच्या अंतराने." विनी आतून ओरडली, "मग आत ये बाई, चहा केव्हाचा थांबलाय." त्या दोघींचं तिथेच जमलं. मेरडिथने बटाटे-मटणाचं कालवण दोनदा वाढून घेतलं आणि मग टेबल पुसून त्यावर जगाचा नकाशा पसरला.

रोवेना, आपल्या नावाची सगळी माणसं एका बऱ्यापैकी शाळेत मावतील. मेरडिथने पंधरा-वीस वर्षं खपून ती सगळी शोधलीत आणि प्रत्येक घराला एक लाल ठिपका दिलाय. लँकेशरच्या गिरण्यांच्या गावांत एक पुंजका आहे. इथलं हातविणकाम बसलं तेव्हा पोटासाठी डोंगर उतरून गेलेले ते लोक. कॅनडात ओंटारिओकडे थोडे आहेत. टास्मानियात सर्वांत जास्त, आणि ते सगळे एकाच ख्रिस्तोफरचे. त्याला मेंढी चोरल्याबद्दल सातासमुद्रापार पाठवलं होतं. "गिमरस्केलने गिमर चोरली," असं म्हणून मेरडिथ इतकी हसली की तिचा चष्मा कालवणात पडता पडता राहिला. गिमर म्हणजे अजून न व्यालेली तरुण मेंढी, हे तू लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात नेडने तुला शिकवलं होतं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात विनीने चिडून माझ्यासाठी सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द वापरला असेल, तर तोच.

दुसऱ्या दिवशी मी मेरडिथला खोऱ्याच्या वरच्या टोकाला घेऊन गेलो. तिथे नेच्यांच्या रानात काही दगड चौकोनात मांडल्यासारखे दिसतात, बाकी काही उरलेलं नाही. हजारेक वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेल्या लोकांनी उन्हाळ्यात तरुण मेंढ्या राखायला तिथे झोपडी बांधली. त्यांच्या भाषेत झोपडीला जो शब्द होता त्याचं पुढे स्केल झालं. तिथलं एक घर कधीतरी खाली चर्चजवळ राहायला आलं आणि खालचे लोक त्यांना 'ते गिमरस्केलवाले' म्हणू लागले. मेरडिथ त्या दगडांवर बसून म्हणाली, "बघा ना वॉल्टर, वर राहत होते तोवर त्यांना या नावाने कुणी हाक मारली नसेल. घर सोडल्यावर नाव मिळालं." मला ते तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

माझ्या लहानपणी या खोऱ्यात आमच्या नावाची पाच-सहा घरं होती, आजोबांच्या वेळी तर दर दुसरं घर आमचं. आता मेरडिथच्या नकाशावर स्कर्डेलमध्ये एकच ठिपका आहे, आपल्या घरावर. जाण्यापूर्वी तिने मला तोंड उघडायला लावलं आणि कापसाची काडी गालातून फिरवली. बापाकडून मुलाकडे उतरत जाणारी एक खूण रक्तात असते म्हणे, ती तपासायची होती. टास्मानिया, ओंटारिओ, लँकेशर सगळीकडच्या पुरुषांची तिने तपासून घेतली होती. "तुम्ही मूळ झाड," ती म्हणाली, "बाकीच्या फांद्या तुमच्याशी लावून बघायच्या." मी ते वाक्य आठवडाभर विनीला ऐकवलं. शेवटी ती म्हणाली, "मूळ झाडाने लाकडं आणली तर बरं होईल."

तेव्हा ऑक्टोबरमध्ये तू फाटकापाशी विचारलंस, त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते तुला कळलं असेल. आपला नेड डोंगराच्या उतारावर शेतावरच्या त्या चार चाकी मोटारसायकलखाली सापडून गेला, त्याला या महिन्यात चार वर्षं झाली. माझ्यानंतर त्या नकाशावरचा ठिपका माझ्या नातवाचा, जॉसचा होता. मी तो रोज मनात बघत होतो, आणि तू जे मागत होतीस त्याने तो पुसला जाणार होता.

मेरडिथचा फोन एप्रिलच्या सुरुवातीला आला, ऐन धांदलीत. "वॉल्टर, बसलात का?" मी म्हटलं, "या महिन्यात इथे कुणी बसत नाही, बोला." तिने घसा साफ केला. नर्स होती, वाईट बातमी सांगायची तिला सवय असणार, तरी अडखळली. म्हणाली, टास्मानियाचे, कॅनडाचे, लँकेशरचे सगळे एकमेकांशी जुळतात. एकाच पुरुषाची लेकरं. "आणि मी?" "तुम्ही कुणाशीच जुळत नाही." मग घाईघाईने म्हणाली, "याला फार अर्थ नसतो वॉल्टर, असं पुष्कळ घरांत निघतं." मी तिचे आभार मानले आणि गोठ्यात गेलो. एक मेंढी अडली होती, तिचं पाहिलं. हात धुतले. मग तिथेच पेंढ्यावर बसलो. विनी शोधत आली. मी तिला म्हटलं, "मी गिमरस्केल नाही." तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी एवढी वर्षं कुणाचे मोजे रफू करत्येय?" मी हसलो नाही. तेव्हा ती माझ्या शेजारी पेंढ्यावर बसली, तो गुडघा घेऊन.

आठवड्यानंतर तिनेच सुचवलं की डायना रॉला विचारून ये. डायना तुला आठवत असेल, तुझ्या नि नेडच्या लग्नात पाद्रीबुवांना 'जरा मोठ्याने बोला' म्हणाली होती ती. आता केंडलच्या वृद्धाश्रमात असते, नव्वदी ओलांडलीय, कान गेलेत, बाकी शाबूत आहे. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. मला वाटलं, धक्का बसेल. ती म्हणाली, "अरे, तू ॲगीचा. तुला माहीत नाही?" शाळेत मला ॲगीचा वॉल्टर म्हणत असत. सगळेच गिमरस्केल, तेव्हा प्रत्येक घराला एक पडनाव असायचंच, कुणी खालच्या पुलाचे, कुणी लाल केसांचे. मला वाटायचं, ॲगी कुणी आजी-पणजी असेल. होतीच ती, पण पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

डायनाने ते तिच्या आजीकडून ऐकलं होतं. ॲगी डोंगरापलीकडून आली, कडेवर पोर घेऊन. नवरा शिशाच्या खाणीत मेलेला. इथे थॉमस गिमरस्केलच्या घरी कामाला राहिली आणि वर्षाने त्याने तिच्याशी लग्न केलं. त्यांची स्वतःची दोन लेकरं पाळण्यातच गेली. कडेवरचं पोर होतं मॅथ्यू, म्हणजे माझे पणजोबा. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चबाहेर जमीनदाराच्या माणसाने चारचौघांत विचारलं, "थॉमस, हा पोरगा कुणाचा?" थॉमस म्हणाला, "माझ्या हाताला धरून उभा आहे, कुणाचा असेल?" आणि टोपी घालून घरी गेला. त्यानंतर कुणी विचारलं नाही. शेत मॅथ्यूला मिळालं, नाव मिळालं. म्हातारपणी थॉमसचे डोळे गेले. उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या दिवशी मॅथ्यू त्याला पाठीवर घेऊन वर जायचा, कारण म्हाताऱ्याला आवाज ऐकायचा असायचा. डायनाच्या आजीने लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. "म्हातारा वरून सूचना द्यायचा," डायना म्हणाली, "आणि मॅथ्यू म्हणायचा, बाबा, मान सोडा, श्वास घेऊ द्या."

मी डायनाला विचारलं, त्या खाणीतल्या माणसाचं नाव काय होतं? मॅथ्यूचं आधीचं आडनाव? ती म्हणाली, "ते कुणाला माहीत नाही रे. कुणी विचारलंच नाही." मी दोनदा विचारलं. बिचारी दमली.

घरी येताना मी गाडी चढावर थांबवली. थॉमसबद्दल मला राग आला नाही, उलट त्याच्या नावाचा मी आहे याचा आधी नव्हता तेवढा अभिमान वाटला. ज्या रक्ताबद्दल मी विनीचं डोकं खात होतो ते माझं नव्हतंच. मला मिळालं होतं ते एका माणसाने हाताला धरून दिलेलं. पण तो दुसरा, खाणीतला, तो डोक्यातून जाईना. त्यालाही बाप असेल. डोंगरापलीकडे कुठल्या तरी घरात तो म्हातारा बसला असेल, मुलगा गेलेला, सून नातवाला घेऊन गेलेली. आणि इकडे त्याच्या मुलाचं नाव घरात एकदाही निघालं नाही. थॉमसने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. मुलाला बरं वाटावं म्हणूनच केलं असेल.

ऑक्टोबरची आणखी एक गोष्ट तुला माहीत नसेल. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी वरच्या शेतात पडलेला गडगा रचत होतो. जॉस आणि कॉलिन मदतीला आले. कॉलिन सायकली उत्तम दुरुस्त करत असेल, पण दगड लावायची त्याची पद्धत बघवत नव्हती. मी त्याने लावलेला प्रत्येक दगड काढून पुन्हा लावत होतो आणि तो मुकाट्याने पुढचा देत होता. जॉस ओढ्यात घसरला आणि गुडघा फोडून घेतला. मी जवळ होतो, कॉलिन लांब. पोरगा माझ्या बाजूने लंगडत निघाला आणि मला ओलांडून त्याच्याकडे गेला. कॉलिनने त्याला उचललं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझं काही घेतलंय आणि ते परत कसं करावं हे त्याला कळत नाहीये. त्या संध्याकाळी मी त्याच्याशी धड बोललो नाही. चांगला माणूस आहे रोवेना.

तुझ्या नि कॉलिनच्या जूनमधल्या लग्नाला आम्ही दोघं येतोय. विनीने टोपी आणलीय, तिच्यावर एक अख्खा पक्षी आहे. बघशील तेव्हा चांगली आहे म्हण. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू विचारलं होतंस, कॉलिनने जॉसला दत्तक घेतलं आणि तो जॉस टटल झाला तर मला चालेल का. कायद्याने माझ्या हो-नाहीची गरज नव्हती, तरी तू विचारलंस. हो, चालेल. सह्या करा, आणि मी हे मोठं मन करून म्हणतोय असं समजू नकोस. मला स्वतःला जे मिळालं तेच त्याला मिळतंय. मेरडिथला सांगेन, माझ्यानंतर स्कर्डेलचा ठिपका काढून टाक. बदल्यात एकच मागणं आहे. घरात नेडचं नाव निघू दे. तो कसा शिट्टी वाजवायचा, कसा रागवायचा, तुला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या बुटांना काय लागलं होतं, सगळं जॉसला सांग, कॉलिनसमोर सांग. शंभर वर्षांनी जॉसच्या कुणा पणतवंडाने विचारलं की टटल व्हायच्या आधी आपण कोण होतो, तर कुणाला तरी उत्तर देता आलं पाहिजे. आणि सुट्टीत त्याला इकडे पाठव. कॉलिनलाही पाठव, गडगा अर्धाच झालाय.

तुझाच,
वॉल्टर