अकरा माणसांचे पान

मी, अहल्या दिनकरराव शितोळे, वय एकोणऐंशी, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार सुभानपुरा, बडोदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. अक्कल शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हुशारीचा दाखला सुनेकडे मागू नये. वकील कांचनबेन म्हणाल्या, "बेन, विलमध्ये भावना नाही लिहायच्या." फी मी देते आहे, तेव्हा लिहिणार.

कलम १. राहते घर माझा मुलगा धवल यास, कलम ४ मधील अटीवर. बँकेतील ठेव सून दीप्ती हिला बिनशर्त. माझी बडबड तिने चोवीस वर्षे ऐकली आहे.

कलम २. माझ्या वडिलांचे सात फोटो नात सानवी हिला. वडील गणपतराव कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि १९३७ साली शांघायला एका पारशी शेटच्या फोटोच्या दुकानात नोकरीला लागले. त्या हिवाळ्यात जपानी फौजेने चीनची तेव्हाची राजधानी नानकिंग घेतली आणि तिथे कत्तल केली. तिथून शांघायला आलेले जपानी शिपाई रोल धुवायला दुकानात देत. मारलेल्या माणसांशेजारी उभे राहून त्यांनी हौसेने फोटो काढून घेतले होते, लग्नात काढतात तसे, हसून. वडिलांनी सात फोटोंची एकेक प्रत गुपचूप जास्त काढली आणि कोटाच्या अस्तरात शिवून घरी आणली. त्यांत मेलेली माणसे अकरा. एका बाईच्या कुशीत मूल आहे.

कलम ३. जुने हिशेब.

दांडिया बाजारातले आमचे शेजारी धनाजीराव (कैलासवासी). १९६२ साली चीनशी युद्ध लागले तेव्हा ते वडिलांना म्हणाले, "चिन्यांचे फोटो घरात? पोलीस येतील." फोटो अकरा वर्षे गव्हाच्या डब्यात राहिले. त्यांना मी माफ केले आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी पीयूषभाई. सीमेवर चकमक झाली तेव्हा चिनी टीव्ही फोडायला सगळ्यांना खाली बोलावले. संध्याकाळी मॅच होती, म्हणून नुसता रिमोट फोडला. ते मला विचारतात, "बा, चिन्यांचा एवढा कळवळा शेनो, कशाचा?" यांना माफी नाही.

एका संग्रहालयाचे कारकून. मी फोटो द्यायला गेले, तर हे म्हणाले, "फोटोतील व्यक्तींची लेखी संमती जोडा." यांचे नाव मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

माझे स्वतःचे निरीक्षण असे, की नानकिंग पडले त्या दिवशी चीनमध्ये दरवर्षी सरकारी भोंगा वाजतो, जपानमध्ये पाठ्यपुस्तकातल्या ओळीवरून वाद होतात, आणि बडोद्यात "आपल्याला काय त्याचे" म्हटले की विषय संपतो. मेलेल्यांच्या आकड्याचे भांडण मात्र सगळीकडे आवडीचे. कोणी तीन लाख म्हणतो, कोणी चाळीस हजार, कोणी शून्य. आमच्या घरी अकरा आहेत.

कलम ४. अट. वडील सर्वपित्री अमावास्येला फोटोंतल्या माणसांसाठी एक पान जास्त वाढत. "त्यांना घास ठेवणारं कोणी उरलं नसेल, अहल्या. आपण ठेवू." त्यांच्यानंतर मी ठेवते.

यंदा अमावास्या रविवारी आली. धवल एका जपानी कंपनीच्या कारखान्यात मॅनेजर आहे. त्याने त्याच दिवशी साहेबांना जेवायला बोलावले. पितृपक्षात पाहुणा बोलावणारा आमच्या घराण्यातला हा पहिलाच. तानाबेसाहेब आले, हात धुतले आणि नेमके त्या जास्तीच्या पानावर बसले.

"आई, काही बोलू नको ने! मारी नोकरी जशे," धवल कानाशी लागला.

मी बोलले. पान कोणाचे ते सांगितले, वर्गात सांगत असे तसे, इंग्रजीत, सावकाश. साहेब उठले. पान दोन्ही हातांनी सरकवून सरळ केले आणि म्हणाले, "फोटो पाहू?" खीर निवली. साहेबांनी बोट ठेवून एकेक माणूस मोजला. मग म्हणाले, "माझे आजोबा त्या फौजेत होते. घरी त्यांना कोणी काही विचारलं नाही." जेवले नाहीत. धवलची नोकरी शाबूत आहे.

तरी त्या संध्याकाळी माझा मुलगा मला म्हणाला, "तू गेलीस की ते फोटो मी जाळणार, आई. उगाच कोणाचं मन दुखायला नको." मन दुखण्याची काळजी त्याला बरोबर आहे, पण मोजणीत अकरा मने राहून गेली. मला हे फार लागले. मरणापेक्षा मला त्याच्या काडेपेटीची भीती वाटते.

म्हणून अट. दरवर्षी ते पान वाढावे आणि फोटोंना हात लावू नये. एकदा जरी चुकले, तर घर सोसायटीला द्यावे आणि पीयूषभाईंनी तिथे आपल्या नावाचे सभागृह बांधावे. पार्किंगवरून धवलचे आणि त्यांचे हाडवैर आहे. त्यामुळे पान चुकणार नाही, अशी माझी खात्री आहे.

कलम ५. माझे तेरावे थोडक्यात उरकावे. श्रीखंड नको, मला ते कधीच आवडले नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द कमी करणार नाही.

सही: अहल्या दि. शितोळे
बडोदे, ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १. उन्मेष गणपुले, औषधविक्रेते, सुभानपुरा. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २. केंजी तानाबे, मुक्काम बडोदे. (इंग्रजीत सांगितले, सानवीने मराठीत लिहिले.) बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मला समजावून सांगितला. फोटो आज पुन्हा पाहिले. माणसे बारा आहेत. कुशीतले मूल मोजणीत धरायचे राहिले होते.