अमियाँच्या निळ्या-तांबड्या खिडक्या

बाई, माझी लेक शाळेच्या ट्रिपबरोबर फ्रान्सला जाऊन आली आणि आल्या आल्या तिने तुम्हाला खोटं पाडलं. बॅग अजून दारातच होती. इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटतेय, आणि ही मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणते, "ममा, लुक. इट्स नॉट ब्लू, इट्स नॉट रेड. युवर टीचर वॉज राँग." फोटो अमियाँच्या कॅथेड्रलचा. उंचच उंच खांब, फिकट दगड, आणि वरच्या खिडक्यांतून येणारा साधा पांढरा उजेड. तव्यावरची पोळी करपली. मला राग आला, बाई. कुणाचा ते कळेना, पण चांगलाच आला.

तिला हे सगळं सांगितलं होतं मीच. शाळेत सोडताना रोज ट्रॅफिकमध्ये अडकायचो, तेव्हा कॉलेजातला तुमचा वास्तुकलेच्या इतिहासाचा वर्ग जसाच्या तसा ऐकवायचे. आत पाऊल टाकलं की आधी काळोख, मग डोळे सरावले की निळं दिसतं, मग तांबडं, आणि तेच रंग खाली फरशीवर सांडलेले. तुम्ही आम्हाला डोळे मिटायला लावायचात आणि एकेक खांब ओलांडत आत न्यायचात. लांबलचक मधल्या भागाला सभामंडप म्हणायचात, वेदी असते त्या टोकाला गाभारा. 'मॅडम' म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. खडू आडवा धरून फळ्यावरच्या खिडक्या भरायचात, आणि तास संपला की तुमचा पदरही निळा-तांबडा झालेला असायचा. स्वतः मात्र कधी देशाबाहेर गेला नाहीत. पासपोर्टच नव्हता तुमच्याकडे. लेकीने विचारलं, "देन हाऊ डिड शी नो?" मी म्हटलं, "पुस्तकं वाचून, आणखी कसं?" आणि म्हणतानाच मला कॉलेजच्या लायब्ररीतलं ते पाठ सुटलेलं जाडजूड पुस्तक आठवलं. तुमच्याशिवाय कुणी त्याला हात लावत नसे. त्यातला एकूण एक फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता. मग हे रंग तुम्ही आणलेत कुठून?

पोळ्या राहिल्या बाजूला, मी तिथेच उभ्या उभ्या शोधायला लागले. अमियाँच्या काचा मुळात रंगीतच होत्या, पण शेकडो वर्षांत बहुतेक गेल्या. म्हणजे तुम्ही अगदीच चूक नव्हतात. पण काचा गेल्याचं तुम्हाला ठाऊक होतं, की शार्त्रच्या कॅथेड्रलमधल्या खिडक्यांचं वर्णन वाचून तुम्ही तेच रंग इथेही भरलेत, हे आता कोण सांगणार? "सो शी गेस्ड," लेक म्हणाली. "अँड द रेस्ट? दॅट टू?" हे मात्र मला लागलं. कारण बाकीच्यावर माझी नोकरी उभी आहे, बाई. अल ऐनच्या बांधकामाच्या साइटवर मी आज जे ड्रॉइंग तपासते, त्यात भार कुठून कुठे जातो हे बघायची नजर तुमच्या वर्गातली आहे. तिचे बाबा म्हणाले, "अगं, तुझ्या बाई गेल्या त्यालाही वर्षं लोटली. आता पोरीशी कशाला भांडतेस?" मी म्हटलं, "भांडत नाही. उठा दोघं. यल्ला, चला!"

आठवतो ना तुम्हाला कॉलेजचा व्हरांडा? दोन मुली समोरासमोर, हात वर, तळव्यांना तळवे, आणि पावलं मागे मागे. झाली कमान. आणखी मागे सरकलं की पाय घसरणारच. मग बाहेरून कुणीतरी टाचांना पाऊल लावून उभं राहायचं. मी अंगाने भरलेली, म्हणून कायम तो टेकू मीच. एकदा हसू आलं आणि मी पाय काढला, तर दोघी धपकन खाली. "दात काय काढतेस? तू हललीस तर अख्खं छत खाली येईल," तुम्ही ओरडलात. मग त्याच दमात सांगितलंत, आधी सगळा भार भिंतीच पेलायच्या, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या बारीक. टेकू बाहेर नेला, दगडी कमानींचा, आणि भिंतीत काचेला जागा झाली. बोव्हेच्या लोकांना आणखी उंच कॅथेड्रल हवं होतं, त्यांचं छत कोसळलं. "हाव, दुसरं काय," एवढंच म्हणालात आणि डस्टर उचललंत.

तर इथे स्वयंपाकघरात बापलेकीची कमान झाली. बाबांच्या टाचा फ्रिजला टेकलेल्या, लेकीचे मोजे फरशीवरून सुळकन घसरायला लागले. "ममा, आय ॲम फॉलिंग!" मी मागून पाय रोवला. ती थांबली, वर तळव्यांकडे बघितलं, मग मान वळवून माझ्या पायाकडे. "ओह. सो दॅट्स व्हॉट दोज थिंग्ज आउटसाइड आर डुइंग! आमच्या गाइडने तर हे सांगितलंच नाही." शेवटचं वाक्य चक्क मराठीत. माझे डोळे भरून आले, पण पाय मी काढला नाही. "खलास, आता सोडा, पाठ भरून आली," असं तिचे बाबा म्हणाले तेव्हाच काढला. मग आम्ही जेवायला बसलो. करपलेली पोळी मीच खाल्ली.

हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? असू दे. एक मात्र सांगते. दुसऱ्या दिवशी लेकीने काढलेल्या त्या फोटोची ऑफिसमध्ये प्रिंट काढली, घरी आणली, आणि ती शाळेत असताना तिच्याच रंगपेन्सिली घेऊन बसले. सगळ्या खिडक्या भरल्या. निळ्या, मग तांबड्या. तिला अजून दाखवलेल्या नाहीत.