दुसऱ्या ओळीचा आफांग

प्रिय रोमन,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे धड आहेत. तिसऱ्यांदा लिहायला बसलोय; आठवीपर्यंतच्या शाळेला एवढं पत्र झेपत नाही. इथे ओहायोत मका निघाला. तुमच्या मोंटानात बर्फ पडलं का? छपरावर तू चढू नकोस, गुडघा सांभाळ.

परवा नात व्हर्ना, शाळेत शिकवते ती, विचारत होती, "आजोबा, आपण आपल्या जर्मन बोलीत 'आफांग' म्हणतो ते नक्की काय? मुलांना इंग्रजीत सांगायचंय." म्हटलं, सुरुवात, धारेची, नांगरटीची. "मग आपल्या आमिश पंथाच्या प्रार्थनासभेत गाताना दर ओळीला आफांग कशाला? सुरुवात एकदाच होते ना?" मी तिला आईचंच वाक्य सांगितलं. आई म्हणायची, आठवतं? "आफांग करणारा मालक नव्हे रे, फाटक उघडणारा." ओळीचं पहिलं अक्षर त्यानं एकट्यानं उचलायचं, मग सगळे आत. तो अडला तर शेजारच्यानं उचलायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण कोण चुकतो?

गेल्या रविवारी मीच अडलो. चाळीस वर्षं घोटलेलं गाणं, आणि दुसऱ्या ओळीला डोकं कोरं. तेवढ्यात शेजारून डेल्बर्टनं अक्षर उचललं. हो, तोच, ज्याच्या आवाजाला आपण फुटका भाता म्हणायचो. जेवताना लोणचं सरकवत म्हणाला, "काय अ‍ॅटली, बाकावर डुलकी लागली होय?" सगळे हसले. मला मात्र तू आठवलास.

तुझा पहिला आफांगही दुसऱ्या ओळीलाच अडला होता. मी तुला खेटून बसलो होतो. थोरला भाऊ शेजारी असताना आपण कसं उचलावं, म्हणून सभा थांबली. "मलाही आठवलं नाही," असं मी तुला नंतर सांगितलं. खोटं होतं ते, रोमन. अक्षर माझ्या जिभेवर होतं. त्या आठवड्यात दोघातिघांनी म्हटलं होतं, धाकट्याचा गळा जास्त गोड आहे. मी बुटांकडे बघत राहिलो. तू पुन्हा कधी आफांग केला नाहीस, आणि वसंतात जमिनीचं निमित्त सांगून निघून गेलास. एकवीस वर्षं मीही लोकांना जमिनीचंच सांगतो. नोव्हेंबरात सभेची पाळी माझ्या घराची आहे. हे मी सगळ्यांसमोर कबूल करणार, पण आधी तुला कळायला हवं होतं. येशील? आफांग तू कर. अडलास, तर या खेपेला अक्षर मी उचलीन.

तुझाच, अजून बुटांकडे बघणारा भाऊ,
अ‍ॅटली