मजकुरात धार हवी

२ फेब्रुवारी, पहाटे ५.
नगराध्यक्ष होऊन आज वर्ष झाले. संकल्प: रोज पाचला उठणे. शहराची पायी पाहणी. साखर बंद. कमी बोलणे, जास्त काम. ही वही कुणाला न दाखवणे. शंभर वर्षांनी कुणाला सापडली तर माझा इलाज नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ८.२०.
उशिरा जाग आली. पाहणी गच्चीवरून केली. शहर ठीक आहे.

५ फेब्रुवारी.
नगरपालिकेच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड दोन महिने बंद आहे. डॉक्टरबाईंची बदली झाली, त्यातच छताचा गिलावा पडला. बायकांना जिल्ह्याच्या इस्पितळात जावे लागते. चाळीस किलोमीटर, मध्ये रेल्वेचे फाटक.
हेडक्लार्कने आरोग्य खात्याला पाठवायचा प्रस्ताव आणला. म्हणाला, साहेब, सही तेवढी करा, आजच्या टपालात टाकतो. वाचला. सुरुवातच 'वरील विषयास अनुसरून'. अशाने कुणाला पाझर फुटणार? म्हटले, ठेवा, मजकुरात धार हवी, मी स्वतः लिहितो. त्याने पुढे केलेले पेन टोपण लावून खिशात ठेवले. भारावला असावा.
आमची ही त्याच वॉर्डात एकतीस वर्षे नर्स होती. अर्धे शहर हिच्या हातावर जन्मले. आम्ही रस्त्याने निघालो की लोक थांबून नमस्कार करतात. मी एकटा असलो की करत नाहीत. संकोच वाटत असणार.

९ फेब्रुवारी.
प्रस्तावाचे पहिले वाक्य घेतले. 'मातृत्व म्हणजे'. इथे संध्याकाळ झाली. चहात दीड चमचा साखर, डोके चालावे म्हणून.

१३ फेब्रुवारी.
सभेत उपनगराध्यक्षाने विचारले, वॉर्डाच्या प्रस्तावाचे काय झाले? म्हटले, अंतिम टप्प्यात आहे. तो हसला. पोटात दुखते त्याच्या.

१७ फेब्रुवारी, दुपार.
सही जरा पोरकट वाटते. नवी बसवली. अकरा कागद गेले. हिने पाहिले. विचारले, फाइल गेली का? म्हटले, जाईल. म्हणाली, प्लंबरच्या सुनेचे दिवस भरत आलेत, मूल पायाळू आहे, इथे सोय झाली तर बरे. म्हटले, मला कल्पना आहे.
नव्हती.

२१ फेब्रुवारी.
हेडक्लार्क पुन्हा आला. म्हणाला, तोवर जुनाच पाठवू का, तुमचा मागाहून पाठवता येईल. चांगला फैलावर घेतला. अशा माणसांमुळेच शहरे मागे राहतात.

२४ फेब्रुवारी.
जमले! 'मातृत्व म्हणजे शहराचा पहिला श्वास.' हिला वाचून दाखवले. ही चादरीची घडी घालत होती. म्हणाली, श्वास बाळाचा असतो हो.
हिला साहित्याची आवड कधीच नव्हती. उद्यापासून दुसरे वाक्य.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.
प्लंबरच्या सुनेला दुपारी कळा सुरू झाल्या. ही गाडीत तिच्याबरोबर गेली. फाटक बंद होते. एक मालगाडी गेली, मग दुसरी यायची होती. बाळ राहिले नाही. मुलगी होती. सून वाचली.
ही घरी आली आणि मोरीत बराच वेळ हात धूत होती. विचारले, जेवतेस का? नाही म्हणाली.
मला विशेष काही वाटले नाही. धक्का असेल. शोकसंदेश लिहिला. एका बैठकीत झाला.

२७ फेब्रुवारी.
ऑफिसात गेल्या गेल्या जुन्याच प्रस्तावावर सही केली. जुनीच सही. हेडक्लार्कने कागद घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. म्हटले, जा आता.

१ मार्च.
ही बोलत नाही. ताट वाढते, निघून जाते. घराचा आवाज गेल्यासारखा वाटतो. फ्रिज ऐकू येतो.
प्लंबरकडे जायला हवे. योग्य वेळ पाहून जाईन. लगेच गेलो तर राजकारण केल्यासारखे दिसेल.

३ मार्च.
निर्णय झाला. आरोग्य खात्याच्या दिरंगाईच्या निषेधार्थ राजीनामा. शहर पेटून उठेल. उपनगराध्यक्ष तोंडावर आपटेल. लोक राजीनामा मागे घ्यायला लावतील, मी दोनदा नाही म्हणेन. पत्र वीस मिनिटांत तयार. धार आपोआप आली.

५ मार्च.
अजून कुणी आले नाही. लोकांना सावरायला वेळ लागतो. दिवाणखान्यात अठरा खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. हिने त्यांच्यामधून वाट काढत केर काढला.

७ मार्च, सकाळी १०.
आले! दाराशी तीस-चाळीस बायका. मी जाकीट चढवले, गॅलरीत आलो, दोन्ही हात वर केले आणि म्हटले, मंडळी, मला आग्रह करू नका. खालून एकीने विचारले, सिस्टर तयार झाल्या का?
ही पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली. सगळ्या मिळून आरोग्य खात्याच्या ऑफिसात जाऊन बसणार आहेत म्हणे. टेंपो उपनगराध्यक्षाने दिला. मी वरून हात हलवला. हिने पाहिले नाही. प्लंबरच्या बायकोने पाहिले. टेंपो वळेपर्यंत पाहत होती.
जाकीट काढायचे सुचले नाही. जेवतानाही अंगातच होते.

८ मार्च.
राजीनामा मंजूर. पत्र दीड ओळीचे. 'वरील विषयास अनुसरून.'

१० मार्च, रात्री ८.
ही परत आली. तीन दिवस त्या ऑफिसच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. आज मोठा साहेब बाहेर आला. डॉक्टर देतो म्हणाला, छतही करून देतो म्हणाला. मग फाइल उघडून दाखवली. प्रस्ताव त्यांच्याकडे एक मार्चला पोचला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आला असता तर आठ दिवसांत डॉक्टर पाठवला असता, म्हणाला.
हे सगळे हिने उभ्यानेच सांगितले. चपलाही काढल्या नव्हत्या. दोन आठवड्यांत माझ्याशी एवढे पहिल्यांदाच बोलली. मग विचारले, तुम्हाला काही म्हणायचे आहे का?
म्हटले, सरकारी खाती काय, अशीच असतात.
ही उशी घेऊन मधल्या खोलीत गेली.

१४ मार्च.
वॉर्ड सुरू झाला. फीत वगैरे नाही. कुलूप काढले, झाले. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो. आत जायचे ठरवले होते. चुन्याचा वास येत होता. परत आलो.
दुपारी झोपलो. काही संकल्प नाही.

१७ मार्च.
प्लंबरकडे गेलो. एकटाच, पायी. काय बोलायचे ते लिहून नेले नव्हते. लिहायला बसलो असतो तर गेलोच नसतो.
तो अंगणात पाइपाला आटे पाडत होता. सून दारात उन्हाला बसली होती, मला पाहून आत गेली. तो म्हणाला, या. स्टुलावरचे पाने बाजूला केले आणि म्हणाला, बसा. बसलो. पाइप फिरत होता, लोखंडाचा चुरा पडत होता. माझे तोंड उघडले, मिटले. परत उघडले. शेवटी त्यानेच विचारले, काय, नळ गळतोय का?
मी हो म्हटले.
त्याने पिशवी उचलली. रस्ताभर माझ्यापुढे चालत होता. स्वयंपाकघरातला नळ त्याने उघडला, बंद केला, खाली बोट धरून थांबला. बोट कोरडे राहिले. मी त्याच्या मागे उभा होतो. आता बोलावे असे वाटले. तो न वळताच म्हणाला, वॉशर जुना झालाय, बदलतो. बदलला. पाणी विचारले, नको म्हणाला. किती द्यायचे विचारले.
म्हणाला, सिस्टरच्या घरचे घेत नाही.