हिरवा ठिपका आणि दुसरे पिस्तूल

मी, आर्डिस मे ट्रास्क, कै. हॉलिस ट्रास्कची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बंदूकदुरुस्ती (आता बंद), राहणार टॅमरॅक फ्लॅट, उत्तर आयडाहो, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझे सगळे जागच्या जागी आहे, डोकेही. मला हे लिहायला कोणी भाग पाडलेले नाही. मला कोणी भाग पाडू शकले असते, तर हॉलिसने पन्नास वर्षांत निदान कॉफीत साखर तरी घालायला लावली असती. १९९८ साली केलेले मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे.

कलम १. घर, मागची बारा एकर जमीन व त्यावरची देवदाराची झाडे माझी एकुलती एक मुलगी लिनेट हिला मिळावीत. पुढच्या पडवीचे छप्पर गळते. हॉलिस ते "या उन्हाळ्यात" दुरुस्त करणार होता. कोणत्या, ते त्याने सांगितले नाही.

कलम २. तळघरातले तांदूळ, घेवडा, बरण्यांतले हरणाचे मांस, पाण्याची पिंपे व जनरेटर आमच्या शनिवारच्या मंडळाला द्यावा. वाईट दिवस आले तर एकमेकांना धरून राहायचे म्हणून आम्ही अकरा घरे वीस वर्षे जमतो. वाईट दिवस अजून आलेले नाहीत, पण बटाट्याचे सॅलड दर शनिवारी येते. २००९ चे सुकवलेल्या रश्श्याचे चाळीस डबे मात्र मंडळाचा प्रमुख ग्रोव्हर बिंगम याला एकट्याला द्यावेत. ते आमच्या सगळ्यांच्या गळ्यात त्यानेच मारले होते. त्याने ते खावेत.

कलम ३. कामाचे टेबल, शिकंजा, कानशी व छिन्न्या ग्रोव्हरची सून टेसा हिला द्याव्यात. घेतलेली कानस पुन्हा तिच्याच खाचेत ठेवणारी या खोऱ्यात ती एकटीच आहे.

कलम ४. माझी चाचणीची वही. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोक मला हिच्यामुळेच ओळखतात.

मंडळातल्या कोणालाच नावाजलेल्या कंपनीची दोन-दोन पिस्तुले परवडत नाहीत. एक चांगले घ्यायचे, आणि राखीव म्हणून त्याचीच स्वस्त नक्कल घ्यायची, म्हणजे दोन्हींना गोळ्या भरायचे एकच मॅगझिन चालते, अशी इथली रीत. नक्कल विकत घेण्यात काही कमीपणा नाही. पण वाचलेले पैसे तिच्या चाचणीच्या गोळ्यांत घालायची तयारी नसेल, तर ती नक्कल म्हणजे नुसते कागदावर ठेवायचे वजन आहे. माझी चाचणी अशी: साफसफाई न करता पाचशे गोळ्या. तीन प्रकारच्या, त्यातली एक दुकानातली सर्वांत रद्दी. नकलेचे स्वतःचे मॅगझिन आणि अस्सलचेही. एक रात्र फ्रीजरमध्ये मांसाशेजारी. शेवटच्या पन्नास डाव्या हाताने. जे पिस्तूल यातून निघेल त्याच्या मुठीखाली मी हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका लावते. एकोणीस प्रकार तपासले, सात पास झाले. ठिपका असेल तर मंडळात कोणी पुढे विचारत नाही.

आणि नियम असा, की प्रत्येक नग वेगळा तपासायचा. नक्कल करणारे आकार हुबेहूब उचलतात. माप प्रत्येक नगात तेच उतरेल असे नाही.

कलम ५. हा नियम मी एकदा मोडला.

२०१४ च्या वसंतात हॉलिसने एकाच प्रकारच्या दोन नकला आणल्या. एक आम्हाला, एक लिनेटला. घटस्फोटानंतर ती ओढ्याच्या वरच्या अंगाला बकऱ्या घेऊन एकटीच राहत होती. त्या वर्षी गोळ्या मिळत नव्हत्या. पहिल्या नगात पाचशे झाडल्या, एकही अडकली नाही. हॉलिस म्हणाला, "जुळी आहेत ती, आर्डे. एकाला ताप नाही, तर दुसऱ्याच्या तोंडात कशाला थर्मामीटर घालतेस?" मी हसले आणि दुसऱ्यालाही ठिपका लावला. दोष हॉलिसचा नाही. नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात होती.

सप्टेंबरात लिनेटच्या गोठ्यात अस्वल शिरले. तिची रायफल दुरुस्तीला माझ्याच टेबलावर पडली होती. राखीव पिस्तुलातून पहिली गोळी सुटली आणि रिकामी पुंगळी अडकून बसली. तिच्या कुत्र्याने अस्वलाला पळवले, पण तोवर लिनेटच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती.

इस्पितळात ग्रोव्हर तिच्या उशाशी उभा राहून म्हणाला, "पोरी, मनगट ढिलं पडलं तुझं. ठिपका आहे त्याच्यावर, म्हणजे पिस्तुलात काही खोट नाही." मनगट ढिले असले की अशी पिस्तुले अडकतात, हे खरे आहे, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. लिनेटने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "होतं असं घाईत."

तेव्हापासून नऊ वर्षे ती दर रविवारी खडीच्या खाणीत जाऊन त्याच पिस्तुलावर सराव करते. अडकले की म्हणते, "परत ढिलं." माझ्याकडे आली की टीव्ही बघताना मनगटासाठी रबरी चेंडू दाबत बसते. मला तो आवाज सहन होत नाही, आणि मी एक शब्द बोललेले नाही. मला लाज वाटली, आणि पुढे तर लाज लपवण्याचीही लाज वाटू लागली. बाकी काही कारण नाही.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर तिला वाचून दाखवावे.

असे लिहून मी निवृत्त पोस्टमास्तर मार्विन ओल्सन याला साक्षीदार म्हणून बोलावले. त्याने शेवटपर्यंत वाचले आणि पेन खाली ठेवले.

"सही नाही करत मी."

"साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, मार्विन."

"तीस वर्षं लोकांची पाकिटं न वाचता वाटली, तेवढं पुरे. तू मेल्यावर ती भांडणार कुणाशी? थडग्याशी?"

मी त्याला चालता हो म्हणाले. तो कॉफी संपवून गेला.

कलम ६. पुढच्या रविवारी मी खाणीत गेले आणि लिनेटला सगळे सांगितले. तिने पिस्तूल खाली केले.

"पहिल्यात किती झाडल्यास?"

"पाचशे."

"माझ्यात?"

"एकही नाही."

"नऊ वर्षं, आई. नऊ वर्षं मी तो चेंडू दाबतेय." मग पिस्तूल माझ्या हातात दिले. "घे. आता कर चाचणी."

माझ्या मनगटाला या जिल्ह्यात आजवर कोणी ढिले म्हटलेले नाही. अकराव्या गोळीला अडकले. पुन्हा सोळाव्याला. ती खडीवर बसली आणि ढसाढसा रडली. मी शेजारी बसले. "हात लावू नकोस मला," म्हणाली. मी लावला नाही.

सबब वही लिनेटला मिळावी. त्यात आता तिच्या अक्षरात एक ओळ आहे: नग दुसरा. अकराव्याला अडकले. झाडणारी आर्डिस ट्रास्क. मनगट घट्ट. नापास. ही ओळ मी काल शनिवारी मंडळात उभे राहून वाचली. ग्रोव्हरने टोपी काढली आणि लिनेटची माफी मागितली. ते चाळीस डबे मात्र त्यालाच. ते दुसरे पिस्तूल सध्या माझ्याकडे आहे, तेही लिनेटलाच द्यावे. तिने मागितले आहे. ठिपका मी खरवडून काढला आहे.

ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. आज सकाळी आली, शिडी लावून पडवीचे छप्पर पाहिले, आणि किती फळ्या लागतील ते सांगून गेली. रबरी चेंडू तिने कुत्र्याला दिला आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, कोणापासून काही न लपवता सही करते.

आर्डिस मे ट्रास्क

साक्षीदार:
१. मार्विन ओल्सन (या वेळी विनातक्रार)
२. आयडा क्विस्ट, ग्रंथपाल

स्थळ: टॅमरॅक फ्लॅट
दिनांक: १५ ऑक्टोबर २०२३