टोपीवरची पानं

२ जून, लाइपझिग
बाबा आले! दहा दिवसांनी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा, डिफेन्स. ट्राममध्ये बसल्याबसल्या विचारलं, प्रबंधाचा विषय नेमका काय गं, ईश्वरी? म्हटलं, वनस्पतींची नावं. खोटं नाही. अर्धंच खरं.
गांजा म्हणायला जीभ रेटेना. साताऱ्यात तीस वर्षं व्यसनमुक्तीची शिबिरं घेतलेला माणूस – आणि मुलगी चार वर्षं आफ्रिकेतले गांजाचे शब्द गोळा करत बसलीये!

४ जून
पण काय शब्द आहेत! अंगोलातला 'दियांबा' गुलामांच्या जहाजांतून ब्राझीलला पोचला. त्या माणसांचं सगळं हिरावून घेतलं, तोंडातले शब्द तेवढे राहिले. अजूनही वाचताना काटा येतो. बाबांना सांगता आलं असतं तर – शब्दांचं वेड त्यांचंच, मराठीचे मास्तर.
आज डबा विसरले. बाबा इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन आले, मी मीटिंगमध्ये. शेजारच्या टेबलावरच्या इम्केने घेतला.

७ जून
बाबा रोज दहाला 'फिरायला' जातात, दोनला परत. आज बोटांना डिंक. म्हणाले, झाडाचा चीक असेल.

९ जून
एक विसरलेच होते! इथे डिफेन्स झाला की सहकारी हाताने बनवलेली पुठ्ठ्याची टोपी डोक्यावर चढवतात – डॉक्टरहूट. वर प्रबंधाच्या विषयाची सजावट. म्हणजे माझ्या टोपीवर गांजाची पानं, बाबांसमोर! माझं बोलणं जर्मनमध्ये, ते निभेल. पानं कोणालाही कळतात. इम्केला विनवलं, पानं नकोत. "टोपी आमची, डोकं तेवढं तुझं," म्हणाली आणि कॉफी आणायला गेली.

१२ जून
झाले! डॉक्टर झाले!!
टोपी आली. हिरवी पानं, प्रत्येकावर एक शब्द – दियांबा, डाग्गा, माकोन्या, बंगी. मी बाबांकडे बघेचना. शेंड्याला एक पान वेगळं. त्यावर टपोऱ्या देवनागरीत: भांग. ते अक्षर मी फळ्यावर बघत मोठी झाले.
"बंगी आपल्याकडूनच तिकडे गेला ना?" बाबा म्हणाले. "मग आपलंही एक पान हवं."
डबा द्यायला आले त्याच दिवसापासून इम्केने त्यांना रोज टोपीसाठी कात्री धरायला बसवलं होतं म्हणे. मी सगळ्यांसमोर रडले. मग केकचे दोन तुकडे खाल्ले.

१३ जून
बाबांच्या बॅगेत त्यांचा चष्मा शोधताना माझा पहिला लेख सापडला. तीन वर्षांपूर्वीचा. समासात पेन्सिलीने अवघड इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ. शेवटी एक ओळ: "शंका नऊ. ईश्वरी स्वतः सांगेल तेव्हा विचारू."